झाकण मी लावलं होतं

१२ जानेवारी २०२५
जहाजावर, ४६ अंश दक्षिण

स्वराली,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर. जहाजावर आता इंटरनेट आलं आहे. प्रत्येकाला रोज अर्धा तास मिळतो. बाकीचे घरी बोलतात. मी माझा अर्धा तास इथल्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकला, त्याची बायको बाळंत व्हायची आहे.

केपटाउनहून निघून पाच दिवस झाले. या पट्ट्यात समुद्र कधीच शांत नसतो. जेवायच्या टेबलावर ओलं फडकं अंथरतात, नाहीतर ताटं घसरून समोरच्याच्या मांडीवर जातात. झोपताना मी बंकला लावलेला पट्टा बांधतो. तरी झोपेत अंग इकडून तिकडे लोळतं आणि सकाळी कोणी मारल्यासारखं दुखतं. पहिले तीन दिवस उलट्या झाल्या. आठवी सफर आहे, पण समुद्र कोणाची ओळख ठेवत नाही.

माझं काम तुला माहीत आहे. शास्त्रज्ञ पाण्याचा अभ्यास करतात आणि मी त्यांची यंत्रं चालती ठेवतो. तुझे आजोबा परतवाड्याला रेडिओ दुरुस्त करत, मी समुद्राचे थर्मामीटर दुरुस्त करतो. स्क्रू तेच, पाना तोच.

बेबीमावशीकडून कळलं की तुझी पाचव्या सेमिस्टरची परीक्षा चांगली गेली. तू तिच्याकडे अमरावतीला राहतेस, जेवणाचे हाल नाहीत, यानं मला बरं वाटतं. अकोल्याचं घर बंद आहे. शेजारी किल्ली ठेवली आहे.

स्वराली, तुझा राग मी समजू शकतो. पण एक गोष्ट विसरू नको. मागच्या वर्षी तुझ्या आईनंच मला 'जा' म्हटलं होतं. ती आजारी होती, तरी म्हटलं. ती असती तर तिनंच तुला समजावलं असतं.

अंगावर गरम कपडे घालत जा. तिकडे थंडी असेल.

बाबा


२१ जानेवारी
५७ अंश दक्षिण

स्वराली,

आता बर्फ दिसायला लागला. आधी छोटे तुकडे आले, मग आपल्या जठारपेठेतल्या दोन-तीन गल्ल्या मावतील एवढे मोठे. पहिल्या दिवशी सगळे फोटो काढायला पळाले. आता कोणी खिडकीतूनही बघत नाही.

रात्र पुरती काळी होत नाही. सूर्य जरासा खाली जातो आणि परत येतो. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास काम. वार कोणता ते जेवणावरून कळतं. खिचडी असली की शनिवार.

मोठं काम म्हणजे पिंजरा सोडणं. लोखंडी पिंजरा असतो, त्याच्याभोवती चोवीस बाटल्या, मध्ये तापमान आणि खारेपणा मोजणारी यंत्रं. तारेनं तो समुद्राच्या तळापर्यंत सोडायचा. चार किलोमीटर खाली. जायला सव्वा तास, यायला त्याहून जास्त. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. मग ते पाणी घेऊन सगळे प्रयोगशाळेत पळतात. तळाचं पाणी हातावर आलं की हाडापर्यंत ठणका जातो. त्या पाण्याला शेवटची हवा लागून कित्येक वर्षं झालेली असतात.

इथे मिस्बाह नावाची मुलगी आहे, पीएच.डी. करते. अकोल्याचीच. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करतात. मागच्या सफरीलाही होती. त्या वेळी तार गुंडाळणारी विंच अडकली तेव्हा मी ओरडलो होतो, "अबे थांब ना बे, कुठी पयते!" तर मागून आवाज आला, "काका, तुमी वऱ्हाडातले काय?" तेव्हापासून तिच्याशी आपलं बोलतो. नाहीतर दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बोलून तोंड परकं होतं.

तिचा विषय तळाच्या पाण्याचा आहे. ते पाणी हळूहळू गरम होतं आहे म्हणे. किती, तर अंशाचे काही हजारावे भाग दर वर्षी. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय होते वो?" ती म्हणाली, "काका, हे एवढंसं किती पाण्यात आहे ते पाहा ना." तिच्यासाठी मागच्या वर्षी आम्ही समुद्राच्या तळाशी वजन बांधून एक लांब तार उभी सोडली. तारेवर पाच यंत्रं. दर दहा मिनिटांनी ती तापमान लिहून ठेवतात. वर्षभराचं लिखाण घेऊन ती खाली आमची वाट पाहत आहेत. आठ दिवसांनी काढायची आहेत.

काम संपल्यावर मी डेकवर न जाता केबिनमध्येच बसतो. फोनमध्ये तुझे जुने मेसेज आहेत. शेवटचा आहे, "बाबा, बसमध्ये बसले का?" मागच्या मार्चमध्ये मी मुंबईहून परत येत होतो तेव्हाचा. त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस. तो मेसेज उघडला की खाली लिहायची जागा दिसते. तिथे लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचत नाही, हे माहीत असूनही काल लिहिलं, "बसलो."

बाबा


२९ जानेवारी
६४ अंश दक्षिण

स्वराली,

आज तार काढली. वरून आवाजाची खूण पाठवायची असते. ती ऐकून तळाचा हूक सुटतो, वजन खालीच राहतं आणि नारिंगी गोळ्यांच्या जोरावर सगळी तार वर येते. तासभर आम्ही सगळे दुर्बिणी लावून उभे. धुकं होतं. मिस्बाहचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती. शेवटी गोळे दिसले आणि ती खरंच नाचली.

पाचपैकी चार यंत्रं ठीक निघाली. पाचवं, सगळ्यात खालचं, तळापासून वीस मीटरवरचं, ते गेलं. दंडाएवढी नळी असते ती. प्रयोगशाळेत मी तिचं झाकण सैल केलं आणि फुसकन आवाज होऊन खारं पाणी बाहेर आलं. आतलं सर्किट हिरवं पडलं होतं. वर्षभराची एकही नोंद उरली नाही. मिस्बाहला सगळ्यात जास्त तेच हवं होतं.

तिनं आरडाओरडा केला नाही. खाली सांडलेलं पाणी फडक्यानं टिपत बसली. टिपून झालं तरी टिपतच होती.

मुख्य शास्त्रज्ञ डॉ. कुरियन आले. झाकण नीट बसलं नव्हतं हे उघडच होतं. चौकशी चालू आहे. मिस्बाह त्यांना म्हणाली की यंत्र सोडायच्या आधी तिनं बॅटरी बघायला झाकण पुन्हा उघडलं होतं. तेव्हा तिच्याकडूनच काही राहिलं असेल. पोरगी हुशार आहे, पण नवखी आहे. होतं असं.

बाहेर बर्फ पडतो आहे. जास्त लिहीत नाही.

बाबा


३१ जानेवारी

स्वराली,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पान फाडून टाकणार होतो. पण फाडलं नाही, राहू दे.

झाकण मी लावलं होतं.

नळी आणि झाकण यांच्यामध्ये एक रबरी रिंग असते. ती पुसायची, तिला ग्रीस लावायचं, बोट फिरवून बघायचं की केस नाही, कण नाही, आणि मगच झाकण दाबायचं. मग तपासणीच्या कागदावर सही. पंचवीस वर्षांत मी हजारो झाकणं लावली असतील. परवा झाकण उघडलं तेव्हा त्या रिंगवर लोकरीचा धागा दबलेला होता. बोटाच्या पेराएवढा, निळा. माझ्या हातमोज्याचा. मी तो ओळखला आणि मिस्बाह पाणी टिपत होती तेवढ्यात उचलून खिशात घातला.

मग कुरियन साहेबांनी विचारलं, आणि तिनं ते सांगितलं. तिनं झाकण पुन्हा उघडलंच नव्हतं, स्वराली. मी तिथे होतो, मला माहीत आहे. कागदावर माझी सही होती आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी मान खाली घालून पाना पुसत उभा राहिलो.

दोन दिवस मी जेवायला सगळ्यांच्या शेवटी गेलो. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, पण पिंजऱ्याच्या कामातून तिला काढलं आणि नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. पीएच.डी. करणारी मुलगी. काल जाताना मी तिला बघितलं. ती मन लावून चिठ्ठ्या चिकटवत होती.

आज नाश्त्यानंतर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. धागा टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"माझ्या हातमोज्याचा धागा. रिंगवर होता. झाकण मी लावलं. रिंग न तपासता सही केली. मिस्बाहनं उघडलं नव्हतं."

साहेबांनी धागा चिमटीत धरून उजेडात बघितला. मग विचारलं, "हा तुम्हाला कधी मिळाला?"

"परवा."

त्यांनी एवढंच म्हटलं, "लिहून द्या." मी लिहून दिलं. पुढच्या सफरीला मला बोलावणार नाहीत. तसं ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

मग मिस्बाहला शोधलं. ती बाटल्यांच्या खोलीत होती. मी सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका. ती उठून उभी राहिली.

"मी तवा खोटं कावून बोलली माहीत आहे? तुमचा तो दिवस मले आठवत होता. मले वाटलं, आता काका स्वतःच सांगतीन. तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली होती मी."

"चुकलं माझं."

"झाकणाचं नाही म्हणत मी. हात चुकते माणसाचा, त्या दिवशी तर कोणाचाही चुकला असता. पण तुमी दोन दिवस कावून थांबले, काका?"

ती संध्याकाळी दुसऱ्या टेबलावर जेवायला बसली.

'तो दिवस' कोणता, ते तुला सांगायची गरज नाही. मागच्या वर्षीचा २ फेब्रुवारी. सकाळी कॅप्टननं बोलावून तुझी आई गेल्याचा निरोप दिला. आणि त्याच दिवशी दुपारी तार सोडायची होती. सगळे म्हणाले, तू खाली जाऊन पड, आम्ही करतो. मी ऐकलं नाही. म्हटलं, काम करतो, मला काम करू द्या.


२ फेब्रुवारी

स्वराली,

आज वर्ष झालं. तुमच्याकडे तिथीनं आधीच झालं असेल. बेबीमावशीनं केलं असेल सगळं, आणि तू पान वाढलं असशील.

आज मला सुट्टी दिली. मी मागितली नव्हती. केबिनमध्ये बसून आहे आणि मिस्बाहचा प्रश्न डोक्यातून जात नाही. दोन दिवस कावून थांबले. दोन दिवसांचं तिला एवढं लागलं. तुला सांगायला मी एक वर्ष थांबलो आहे.

तुझ्या आईनं मला 'जा' म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये सांगितलं, सहा महिने, कदाचित जास्त. मी हिशेब केला की डिसेंबरच्या शेवटी निघालो तर मार्चच्या सुरुवातीला परत. बॅग भरत होतो. ती पलंगावर बसून माझे मोजे गुंडाळून देत होती. म्हणाली, "या खेपेले नका जाऊ." मी म्हटलं, "करार झाला आहे." तर म्हणाली, "मले भेव लागते. पोरीले नाही सांगत मी, तुमाले सांगून राहिली." मी म्हटलं, "दोन महिन्यांत येतो, प्रमोदिनी, काही होत नाही." तिनं राहिलेले मोजे गुंडाळले.

करार मोडता आला असता. मी फोनच केला नाही. माझ्या जागी जाणारे दोघे-तिघे होते.

मग का गेलो? हे मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. दवाखान्यात मला काहीच करता येत नव्हतं. नर्स सलाईन लावायची आणि मी स्टुलावर बसून राहायचो. तुझी आई वेदनेनं कण्हायची आणि माझे हात मांडीवर पडलेले असायचे. तू तिचे पाय चेपायचीस, केस विंचरायचीस, तुला सुचायचं. मला सुचायचं नाही. जहाजावर सगळे मला विचारतात, सूर्यभान, हे बघ, ते बघ. तिथे मी उपयोगाचा माणूस असतो. मी पळालो, स्वराली. कामासाठी गेलो नाही.

आणि परत आलो तेव्हा घर मला भेटायला आलेल्या पाहुण्यांनी भरलेलं होतं. कोणीतरी विचारलं, अशा वेळी गेले कसे? माझ्या तोंडून निघालं, "तिनंच जा म्हटलं." तोंडून निघून गेलं ते. मग सगळे हळहळले, केवढ्या मनाची बाई होती म्हणाले. तू दाराशी उभी होतीस. तू आत निघून गेलीस. त्यानंतर मी ते वाक्य किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. मलाच खरं वाटायला लागलं होतं. याच गठ्ठ्यातल्या पहिल्या पत्रात तुलाही पुन्हा लिहिलं, बघ.

तिला अग्नी तू दिलास. एकोणीस वर्षांची होतीस. मी त्या वेळी इथे एका नळीचं झाकण लावत होतो, आणि तेही धड लावलं नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायची माझी जागा नाही.


३ मार्च
अकोला

स्वराली,

घरी आलो. केपटाउनला टपालपेटी समोर होती, पण धीर झाला नाही. आज हिंमत करून सगळी पत्रं एका पाकिटात घालतो आहे. पहिलंही घातलं आहे, ज्यात खोटं आहे. वाचावीशी वाटली तर वाच.

मिस्बाहचं सांगायचं राहिलं. तिला मार्गदर्शकांनी एक वर्ष वाढवून दिलं आहे. वरच्या चार यंत्रांच्या नोंदी आणि पिंजऱ्याचं पाणी यांवर ती नव्यानं मांडणी करणार आहे. मुंबईच्या विमानतळावर ती माझ्याआधी बाहेर पडली. दारातून मागे वळून म्हणाली, "काका, स्वरालीले सांगा एकदाचं." मी तिला तुझं नाव, किंवा आणखी काही, कधी सांगितलं होतं ते आठवत नाही.

बाबा


२३ मार्च, रविवार
अकोला

स्वराली,

आत्ताच तुझ्याकडून आलो आणि लगेच लिहायला बसलो. समोर बसल्यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून.

पाकीट टाकल्यावर दोन आठवडे तुझं काहीच नाही. मी धरून चाललो की हे असंच राहणार. घर झाडलं, पंखे पुसले, कुलरची गवताची जाळी बदलली. स्वतःपुरतं पिठलं करायचो, अर्धं उरायचं. मग बुधवारी बेबीमावशीचा फोन आला, "भाऊजी, पोरगी म्हणून राहिली, रविवारी या."

बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. दार बेबीमावशीनं उघडलं. "आले काय? बसा. पाणी आणते," म्हणून ती आत गेली आणि परत बाहेर आलीच नाही. मग तू आलीस. बारीक झाली आहेस. आईसारखी मागे हात बांधून उभी राहिलीस.

"वाचली सगळी," तू म्हणालीस.

मी मान हलवली.

"मले माहीत होतं, बाबा. तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं सांगतलं होतं. म्हणे, मी त्याइले थांबा म्हटलं, ते नाही थांबले."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मग तू बोलली कावून नाही?"

"काय बोलू? सगळ्या लोकांसमोर तुमी तिच्या नावानं खोटं बोलले. ती तर आता नाही म्हणायले येऊ शकत नव्हती. तुमी गेले याचा राग होता मले, पण तो गेला असता कधीतरी. मी पाहून राहिली होती, तुमी कवा सांगता. दिवाळी गेली, वर्षश्राद्ध गेलं."

तू समोरच्या खाटेवर बसलीस. आणि मग तू विचारलंस, "तुमाले आईचे ते दिवस ऐकाचे आहेत काय? दवाखान्यातले? अकरा दिवस होते."

मी हो म्हटलं.

तू पहिल्या दिवसापासून सांगायला लागलीस. ऑटोत बसायच्या आधी तिनं गॅस बंद आहे का ते दोनदा आत जाऊन बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तुझ्या मोबाईलवर माझं जहाज कुठे आहे ते विचारलं. तू नकाशा दाखवलास आणि ती बोटांनी तो मोठा करत गेली. नुसतं निळंच मोठं होत गेलं, कुठे नाव नाही, गाव नाही. ती म्हणाली, "इथी तर काहीच नाही वं." तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुझ्या लग्नासाठी स्थळ विचारलं आणि तू चिडलीस. चौथ्या दिवशी ती वरणभात खाता खाता थांबली आणि तुला म्हणाली, आता भरव.

तिथे तू थांबलीस. तू उठलीस, खिडकीशी गेलीस. माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "आज एवढंच. बाकीचं मले आज नाही जमत."

मी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

"लवकरची बस पकडा. दुपारी ऊन लागते," तू म्हणालीस आणि आत गेलीस.

आता जे समोर बोललो नाही ते. तू चौथ्या दिवसापाशी थांबलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तू पाठ करून रडत होतीस, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, आज पुढचं ऐकावं लागणार नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

तू ते अकरा दिवस एकटीनं काढलेस. मला ते नुसते ऐकायचे आहेत, तेही खुर्चीवर बसून, तर माझं असं होतं.

आईचे सात दिवस ऐकायचे राहिले आहेत. पाचव्या दिवशी काय झालं ते ऐकायची माझी अजून तयारी नाही. शनिवारपर्यंत होईल असंही वाटत नाही. रविवारी सकाळी साडेसहाच्या बसनं निघतो.

बाबा